मृतवत्सा : नवजात अर्भकांच्या रक्तक्षयाचा शोध आणि जुन्या कागदांची साक्ष

१

कांहीं वर्षांपूर्वीं जन्मपत्रिकांचें एक बाड आमच्या हातीं आलें. तें कोणत्या घराण्याचें हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. त्या घराण्याचे वंशज आज सुखानें नांदत आहेत. खारव्याच्या रुमालांत बांधलेल्या त्या बाडांत सर्वांत वर एक लांबलचक पत्रिका होती. आरंभीं गणपति, कडांस कुंकवाचीं बोटें, पुढें ग्रहांची सविस्तर फळें. ती एका मुलाची असून तो मोठा झाल्याचें इतर कागदांवरून दिसतें. तिच्याखालीं चार लहान चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकीवर तिथि, वार, नक्षत्र, घटिका व पळें एवढेंच. नांव नाहीं, कारण बारशापर्यंत त्यांपैकीं एकहि मूल पोंचलें नाहीं. शकाचे आंकडे कसरीनें खाल्ले आहेत. दोन चिठ्ठ्यांच्या कडेस बारीक अक्षरांत “अंग पिवळें” असे दोन शब्द आहेत. त्याखालीं नवस, शांति व दानें यांची एक यादी, आणि त्याच यादीच्या पाठीवर दुसऱ्या लग्नाच्या खर्चाचा तपशील. कागद वांया जाऊं नये म्हणून पाठकोरा भाग वापरला, इतकाच त्याचा अर्थ. पण वाचतांना मन चरकतें. त्यापुढील पत्रिका दुसऱ्या कुटुंबाच्या मुलांच्या आहेत व तीं सर्व मुलें वाढलेलीं दिसतात. पहिल्या स्त्रीचें नांव साऱ्या बाडांत एकदांच येतें, आणि त्याच्यापुढें “मृतवत्सा” असा शब्द लाविलेला आहे.

या एका शब्दानें आम्हांस या विषयाकडे ओढलें. नवजात अर्भकांचा रक्तक्षय व कामला यांचा विचार आमच्या वैद्यकग्रंथांत कोठवर झाला आहे, विसाव्या शतकांत त्याचें एक मोठें कारण कसें उमगलें, आणि असा एखादा जुना कागद या प्रकरणीं साक्ष म्हणून उभा करतां येतो कीं नाहीं, या तीन प्रश्नांचा क्रमानें विचार करण्याचें योजिलें आहे. आम्ही वैद्य नव्हे. आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. तेव्हां वैद्यकाचा भाग आम्हीं प्रसिद्ध ग्रंथ व संशोधनलेख यांवरूनच घेतला आहे, हें आरंभींच सांगणें बरें.

२

प्रथम शब्दाचा विचार करूं. अपत्यहीनतेचे प्रकार सांगतांना वंध्या, काकवंध्या व मृतवत्सा अशी विभागणी करण्याचा परिपाठ आहे. जिला मुळींच अपत्य होत नाहीं ती वंध्या. एकानंतर जिला दुसरें होत नाहीं ती काकवंध्या. झालेलीं अपत्यें जिचीं जगत नाहींत ती मृतवत्सा. तिन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत. दोष कोणाचा, याचा निर्णय व्याकरणानेंच आधीं देऊन टाकला होता, असें म्हटलें तरी चालेल.

आमच्याकडील लोकाचारांतहि या भीतीच्या खुणा जागोजाग आहेत. पांचवीची व सटवीची पूजा, सटवाई सहाव्या रात्रीं येऊन कपाळावर लेख लिहिते ही समजूत, आधींचीं मुलें गेलेल्या घरीं जन्मलेल्या मुलास धोंडू, दगडू, भिकू, केरू अशीं नांवें ठेवण्याची चाल, या सर्वांच्या मुळाशीं पहिल्या आठवड्यांत दगावणाऱ्या अर्भकांची आठवण आहे. नांव ओंगळ ठेविलें म्हणजे नेणारीची नजर त्यावर पडणार नाहीं, अशी ती भाबडी युक्ति होती. पहिला आठवडा हाच भीतीचा आठवडा कां, या प्रश्नाकडे पुढें परत यावयाचें आहे.

३

आतां ग्रंथांकडे वळूं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे. वात, पित्त, कफ, सन्निपात व माती खाणें अशा पांच कारणांनीं पांडुरोग होतो असें चरक सांगतो. सुश्रुत चारच प्रकार मानतो, मृद्भक्षणाचा वेगळा मानीत नाहीं. पांडुरोग्यास चरकानें “अल्परक्त” म्हटलें आहे, व चिकित्सेंत नवायस चूर्णासारखे लोहाचे आणि मंडूराचे योग सांगितले आहेत. शरीरांतील रक्त उणें पडतें हें ओळखून त्यावर लोह देणें, हें निरीक्षण खरोखर मोलाचें आहे व त्याचा अभिमान बाळगण्यास कोणाची हरकत नसावी. परंतु हें सर्व मुख्यत्वें मोठ्या माणसांविषयीं आहे.

अर्भकाविषयीं विशेष असें जें सांपडतें तें काश्यपसंहितेंत. हा ग्रंथ आपल्यापर्यंत कसा आला, ही हकीकत हस्तलिखितें जमविणाऱ्या प्रत्येकानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कौमारभृत्य, म्हणजे बालचिकित्सा, हें आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकीं एक. पण त्याचा प्राचीन स्वतंत्र ग्रंथ लुप्त झाला असेंच दीर्घकाळ समजलें जात होतें. नेपाळचे राजगुरु पंडित हेमराज शर्मा यांच्या संग्रहांतील एका खंडित ताडपत्र पोथीवरून तो १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयांत छापून प्रसिद्ध झाला. हेमराज शर्मांनीं त्यास जोडलेला संस्कृत उपोद्घात हाच एक ग्रंथ होईल एवढा विस्तृत आहे. पोथीचा आरंभ नाहीं, शेवट नाहीं, मधलीं पानेंहि ठिकठिकाणीं गेलेलीं. ती एक पोथी वाळवीच्या तोंडीं गेली असती तर आपल्या बालवैद्यकाचा मुख्य आधारच गेला असता.

या संहितेंतील वेदनाध्यायाचा विषय मोठा हृद्य आहे. ज्यास बोलतां येत नाहीं अशा बालकाचें दुखणें वैद्यानें कसें ओळखावें, असा तेथें प्रश्न आहे, व त्याचें उत्तर म्हणून एकेका रोगांत बालक कसें दिसतें व कसें वागतें हें सांगितलें आहे. पांडुरोगांत नाभीभोंवतीं सूज, डोळे, नखें व मुख पांढुरकीं, अग्निमांद्य, डोळ्यांभोंवतीं सूज, कामलेंत डोळे, नखें, मुख, मळ व मूत्र पिवळीं, दोहोंतहि निरुत्साह. चार शब्दांत केलेलें हें चित्र बाळाच्या उशाशीं बसून पाहिलेल्या माणसाचें आहे, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. तथापि त्यांत एक गोष्ट नाहीं. जन्मतःच, किंवा जन्मानंतर एकदोन दिवसांत येणारी घोर कामला हा निराळा रोग आहे, व तो एकाच मातेच्या पाठोपाठच्या अपत्यांस होतो, असें वर्णन ग्रंथाच्या उपलब्ध भागांत आम्हांस आढळत नाहीं.

अपत्यें पाठोपाठ जाण्याचा विचार तेथें आहे, पण तो निराळ्या ठिकाणीं. कल्पस्थानांतील रेवतीकल्पांत जातहारिणी नांवाच्या शक्तीचें सविस्तर वर्णन आहे. तिचीं नांवें अनेक, रूपें अनेक. कोणी गर्भ धरूं देत नाहीं, कोणी धरलेला पाडते, कोणी जन्मलेलें मूल नेते. कोणती साध्य, कोणती याप्य, कोणती असाध्य, अशी शास्त्रशुद्ध विभागणीहि आहे. आणि ती स्त्रीच्या ठायीं प्रवेश कां करते, याचें उत्तर मुख्यत्वें एकच : तिच्या हातून घडलेला अधर्म. येथें निरीक्षण संपून न्यायनिवाडा सुरू होतो, व आरोपी एकच असतो.

४

येथें आमच्याच एका चुकीची कबुली देणें प्राप्त आहे. पूर्वीं एका व्याख्यानांत आम्हीं असें विधान केलें होतें कीं, जातहारिणीचें वर्णन म्हणजे आधुनिकांच्या ‘आर्‌एच्’ रोगाचेंच प्राचीन रूप होय. टाळ्या पडल्या. व्याख्यानानंतर वैद्यकी करणारा आमचा एक जुना विद्यार्थी जवळ आला व नम्रपणें म्हणाला, “गुरुजी, पहिल्या आठवड्यांत मुलें दगावण्याचें जुन्या काळीं मोठें कारण धनुर्वात हें होतें. अस्वच्छ हत्यारानें नाळ कापली कीं तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत मूल दूध ओढीनासें होतें, आंकडी येते, आणि जातें. त्यांत रक्ताच्या गटाचा कांहीं संबंध नाहीं. मग जातहारिणी म्हणजे नक्की कोण?” आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. सटवीची रात्र ज्या दिवसांत येते ते दिवस धनुर्वाताचेहि आहेत, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानांत आली नव्हती.

तेव्हांपासून आम्हीं एक नियम घालून घेतला आहे. जुन्या ग्रंथांत नव्या शोधाचें नांव वाचावयाचें नाहीं. ग्रंथ जेवढें सांगतो तेवढेंच त्यास म्हणूं द्यावयाचें. अल्परक्त म्हणजे अल्परक्त. त्यावरून रक्तगट काढूं नये. हा नियम पश्चिमेकडील जुन्या लेखांसहि लावला पाहिजे. फ्रान्सच्या राणीची सुईण लुईझ बूर्झ्वा हिनें १६०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत एक जुळें येतें : एक अर्भक सर्वांग सुजलेलें, जन्मतांच थोड्या वेळांत गेलें; दुसरें प्रथम बरें दिसलें, मग पिवळें पडून कांहीं दिवसांत गेलें. या रोगाच्या इतिहासांत हीच पहिली नोंद म्हणून दाखविली जाते, व लक्षणें जुळतातहि; परंतु तीहि नोंद संभवाचीच, सिद्धीची नव्हे.

५

सिद्धीचा मार्ग १९३२ सालापासून मोकळा होऊं लागला. तोंवर वैद्य तीन निराळे रोग मानीत होते : सर्वांगशोथानें मृत जन्मणारें अर्भक, जन्मानंतर लवकरच घोर कामला होणारें अर्भक, आणि पांढरें फटफटीत, रक्तहीन अर्भक. बोस्टन येथील डायमंड, ब्लॅकफॅन व बेटी या तिघांनीं त्या वर्षीं दाखवून दिलें कीं, हे तीन रोग नसून एकाच रोगाच्या तीन पायऱ्या आहेत. तिन्हींत अर्भकाच्या तांबड्या रक्तपेशी भराभर फुटत असतात, आणि तूट भरून काढण्यासाठीं शरीर कच्च्या, केंद्र असलेल्या पेशी रक्तांत लोटीत असतें. रोग एक ठरला; पण पेशी फोडतें कोण, हें कळेना.

त्याचें उत्तर शोधण्यास पुढें आलेल्यांत शिकागोच्या रूथ डॅरो या विकृतिशास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांनीं स्वतः या रोगानें अपत्य गमावलें होतें. आमच्या भाषेंत ज्या स्त्रीच्या नांवापुढें कोणी ‘मृतवत्सा’ लिहिलें असतें, त्या स्त्रीनें सूक्ष्मदर्शकाशीं बसून प्रश्न विचारला. सर्व ज्ञात कारणें एकामागून एक तपासून, न टिकणारीं टाकून देऊन, १९३८ सालीं त्यांनीं अनुमान प्रसिद्ध केलें : अर्भकाच्या रक्तांतील कांहीं द्रव्य मातेच्या शरीरास परकें वाटतें, माता त्याविरुद्ध प्रतिद्रव्य तयार करते, आणि तें वारेंतून अर्भकाकडे जाऊन त्याच्याच पेशींचा नाश करतें. तें परकें द्रव्य कोणतें, याविषयींचा त्यांचा तर्क चुकला. त्यांनीं तें गर्भावस्थेंतील रक्तरंजक द्रव्य मानलें. पण वाट त्यांनीं अचूक दाखविली. आमच्या नैयायिकांस परिशेषानुमानाचें याहून चांगलें उदाहरण मिळणार नाहीं.

दुसऱ्याच वर्षीं, १९३९ सालीं, लेव्हाइन व स्टेटसन यांनीं न्यूयॉर्कमधील एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. मृत अर्भक प्रसवल्यावर तिला रक्त देण्याची पाळी आली. नवऱ्याचा गट तिच्याशीं जुळत होता, म्हणून त्याचें रक्त दिलें, आणि तिची प्रकृति एकाएकीं बिघडली. तिचा रक्तद्रव नवऱ्याच्या पेशींशीं मिसळतांच पेशींच्या गुठळ्या झाल्या. मग जुळणाऱ्या गटाचे १०४ नमुने तपासले. त्यांपैकीं ८० नमुन्यांशीं तसेंच घडलें. म्हणजे ज्ञात गटांपलीकडचें कांहीं तरी बहुतेक लोकांच्या रक्तांत होतें, तें नवऱ्याच्या रक्तांत होतें, बापाकडून अर्भकांत आलें होतें, आणि मातेच्या रक्तांत मात्र नव्हतें. १९४० सालीं लँडस्टायनर व वीनर यांनीं र्‍हीसस जातीच्या माकडाचें रक्त टोंचलेल्या प्राण्यांच्या रक्तद्रवानें न्यूयॉर्कमधील शेंकडा सुमारें ८५ गोऱ्या लोकांच्या पेशींच्या गुठळ्या होतात असें दाखविलें, व त्या माकडावरून ‘आर्‌एच्’ हें नांव रूढ झालें. माकडावरून मिळालेलें प्रतिद्रव्य व मातांच्या रक्तांतील प्रतिद्रव्य हीं तंतोतंत एक नव्हेत, हें पुढें सिद्ध झालें. पण नांव चिकटलें तें चिकटलेंच. चुकीचीं नांवें टिकून राहण्याचा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकांस नवा नाहीं. १९४१ सालीं लेव्हाइन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा अर्भकांच्या बहुतेक माता आर्‌एच्-ऋण असतात हें दाखवून साखळी पुरी केली.

पहिलें मूल बहुधा कां वांचतें, याचाहि उलगडा यांतच आहे. पहिल्या गरोदरपणांत दोन्ही रक्तें सामान्यतः फारशीं मिसळत नाहींत. प्रसूतीच्या वेळीं, वार सुटतांना, अर्भकाच्या पेशी मातेच्या रक्तांत जातात. त्यांविरुद्ध प्रतिद्रव्य तयार होतें तें त्यानंतर. पहिलें मूल तोंवर पाळण्यांत असतें. बाधा होते ती पाठच्या भावंडांस, आणि एकेका खेपेस ती वाढत जाते. जुन्या परिभाषेंत, जी स्त्री पहिल्या अपत्यानें पुत्रवती ठरली तीच पुढें मृतवत्सा ठरते, आणि लोक म्हणतात कीं मध्यंतरीं तिच्या हातून कांहीं घडलें असलें पाहिजे.

येथें संस्कृतज्ञांसाठीं एक गोष्ट नमूद करतों. गर्भाचे अवयव कोणापासून येतात याचा विचार करतांना चरक व सुश्रुत हे दोघेहि रक्तास मातृज, म्हणजे मातेकडून येणारें, मानतात. नव्या शोधाचें मर्म नेमकें याच्या उलट आहे. अर्भकाचें रक्त हें सर्वस्वीं मातेचें नसतें; त्यांत पित्याचा वाटा असतो, व त्या वाट्यामुळेंच हा कलह उत्पन्न होतो. प्राचीनांनीं तें जाणलें नाहीं यांत त्यांस कमीपणा नाहीं. त्यांच्यापाशीं तें जाणण्याचें साधनच नव्हतें. परंतु जें त्यांनीं म्हटलें नाहीं तें त्यांच्या तोंडीं घालणें हाच त्यांचा खरा अनादर होय.

६

कारण कळण्याच्या आधींच एक उपाय सांपडून हरवला होता. १९२५ सालीं टोरोंटो येथें हार्ट या डॉक्टरानें घोर कामला झालेल्या एका अर्भकाचें रक्त काढून घेऊन त्या जागीं दुसऱ्याचें रक्त घातलें. तें मूल वांचलें. ही हकीकत छापली गेली, पण वीस वर्षें तिच्याकडे फारसें कोणी पाहिलें नाहीं. १९४६ सालीं वॉलरस्टाइन यांनीं तोच मार्ग पुन्हां चोखाळला, आणि डायमंड यांनीं नाळेंतील शिरेंतून बारीक नळी घालून रक्त पालटण्याची रीत बसविली. छापलेलें असूनहि न वाचलेलें ज्ञान हें दप्तरांत पडून राहिलेल्या कागदासारखेंच असतें. या उपायानें केवळ प्राणच वांचत नव्हते. रक्तांतील पित्तरंजक द्रव्य फार वाढलें तर तें मेंदूंत उतरतें, आणि वांचलेलें मूल बहिरें किंवा अवयवांवर ताबा नसलेलें होतें, तेंहि टळूं लागलें.

दुसरा उपाय एका परिचारिकेच्या नजरेनें दिला. इंग्लंडांत एसेक्स परगण्यांतील रॉचफर्ड येथील रुग्णालयांत सिस्टर जीन वॉर्ड या अपुऱ्या दिवसांच्या बाळांस ऊन्हाच्या दिवसांत मोकळ्या हवेंत नेत असत. १९५६ सालीं त्यांनीं डॉक्टरांस एक बाळ दाखविलें : अंगाचा पिवळेपणा ओसरला होता, फक्त ज्या जागीं चादरीचा कोपरा पडला होता तेथें तो कायम होता. क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं यावर प्रयोग करून १९५८ सालीं प्रकाशचिकित्सेचा लेख प्रसिद्ध केला. आज बाळांच्या कक्षांत निळा दिवा दिसतो त्याचें मूळ त्या चादरीच्या कोपऱ्यांत आहे. वेदनाध्यायाच्या कर्त्यास ही बाई आवडली असती.

तिसरा उपाय न्यूझीलंडांतील ऑकलंड येथें लिली यांनीं १९६३ सालीं केला. जन्मापर्यंत जें अर्भक टिकणार नाहीं त्याला गर्भांतच, त्याच्या उदरपोकळींत, सुईवाटे रक्त पोंचविलें. गर्भावर प्रत्यक्ष चिकित्सा करण्याचा मार्ग तेथून खुला झाला.

परंतु सर्वांत मोठें काम झालें तें रोग होऊंच न देण्याचें. लिव्हरपूलचे सिरिल क्लार्क हे वैद्यकाचे अध्यापक. छंद फुलपाखरांची पैदास करण्याचा. फुलपाखरांच्या पंखांवरील रंग पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरतात याच्या अभ्यासांतून ते माणसाच्या रक्तगटांच्या आनुवंशिकतेकडे वळले. संग्राहकाचा छंद निरुपयोगी असतो असें म्हणणारांस हें उत्तर पुरेसें आहे. त्यांचे सहकारी रोनाल्ड फिन यांनीं सुचविलें कीं, मातेस स्वतःचें प्रतिद्रव्य तयार करण्याची वेळ येण्यापूर्वींच बाहेरून तेंच प्रतिद्रव्य थोडेंसें द्यावें; म्हणजे तिच्या रक्तांत शिरलेल्या अर्भकाच्या पेशी तें आधींच नाहींशा करील. कांट्यानें कांटा काढण्याचा हा प्रकार होता. अटलांटिकपलीकडे न्यूयॉर्कमध्यें फ्रेडा, गॉर्मन व पोलॅक हे स्वतंत्रपणें त्याच निष्कर्षावर आले होते. त्यांचे पहिले प्रयोग सिंग सिंग येथील तुरुंगांतील स्वेच्छेनें पुढें आलेल्या कैद्यांवर झाले. १९६८ सालीं अमेरिकेंत या औषधास परवाना मिळाला. प्रसूतीनंतर ७२ तासांच्या आंत एक इंजेक्शन, एवढाच तो विधि. पुढें गरोदरपणींहि तें देण्याची पद्धत आली.

हें औषध कारखान्यांत रसायनें ढवळून होत नाहीं. तें मुख्यत्वें माणसांच्या रक्तांतूनच घेतलें जातें. ऑस्ट्रेलियांतील जेम्स हॅरिसन यांच्या रक्तांत हें प्रतिद्रव्य विपुल होतें. १९५४ पासून २०१८ पर्यंत त्यांनीं ११७३ वेळां रक्त व रक्तद्रव दिला, आणि त्यापासून झालेल्या औषधाचा सुमारें चोवीस लक्ष अर्भकांस उपयोग झाला असा तेथील रक्तपेढीचा अंदाज आहे. २०२५ सालीं ते वारले. दानाचें माहात्म्य सांगणारे ग्रंथ आम्हांकडे पुष्कळ आहेत. त्यांत या दानाची भर घालण्यास हरकत नसावी.

७

या इतिहासांत मुंबईचें स्थान लहान नाहीं. १९२८ सालीं लूसी विल्स ही इंग्रज संशोधिका गर्भिणींच्या घोर रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठीं मुंबईस आली. कापडगिरण्यांतील मजूर स्त्रियांत हा रोग फार होता. हाफकिन संस्थेंत काम करून १९३१ सालीं तिनें दाखविलें कीं, यीस्टच्या अर्कानें या रुग्णा सुधारतात. त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें फोलिक अम्ल म्हणून ओळखलें गेलें. आज गरोदर स्त्रीस जी गोळी दिली जाते तिच्या वंशावळींत परळ आहे.

१९५२ सालीं मुंबईचे डॉक्टर य. म. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘लॅन्सेट’ पत्रांत एका नव्या रक्तगुणाचा लेख प्रसिद्ध केला. ओ गटाचें रक्त सर्वांस चालतें असें मानलें जात असतां, ज्यांस तेंहि चालत नाहीं अशीं तीन माणसें मुंबईंत आढळलीं होतीं. तो गट जगभर ‘बॉम्बे’ याच नांवानें ओळखला जातो. अशा स्त्रीच्या अर्भकासहि क्वचित् वर सांगितल्यासारखीच बाधा होऊं शकते, व अशा वेळीं योग्य रक्त मिळविणें किती कठीण हें सांगावयास नको. १९५७ सालीं मुंबईंत सुरू झालेलें रक्तगटसंदर्भकेंद्र पुढें राष्ट्रीय संस्थेच्या रूपानें वाढलें.

आपल्या देशांत आर्‌एच्-ऋण माणसें शेंकडा सुमारें पांच. युरोपीय वंशाच्या लोकांत शेंकडा पंधरा. प्रमाण कमी म्हणून रोग आपला नव्हे असें समजणें चूक आहे. लोकसंख्या मोठी असली म्हणजे शेंकडा पांच हाहि मोठा आंकडा होतो. गर्भिणीचा रक्तगट ज्या ठिकाणीं वेळेवर पाहिला जात नाहीं, किंवा तें एक इंजेक्शन पोंचत नाहीं, तेथें हा रोग अजून आपली जागा धरून आहे.

८

आतां बाडाकडे परत येऊं. पहिलें मूल जगलें. पुढचीं चार पहिल्या आठवड्यांतच गेलीं. दोघांचें अंग पिवळें झालें होतें. त्याच पुरुषाचीं दुसऱ्या स्त्रीपासून झालेलीं मुलें मात्र वांचलीं. पहिली स्त्री आर्‌एच्-ऋण, पति धन व दुसरी स्त्री धन असें मानलें तर हें सर्व एका सूत्रांत बसतें. धनुर्वातानें पिवळेपणाचा उलगडा होत नाहीं, व पहिलें वांचून पुढील सर्व जाण्याचा क्रमहि नीट लागत नाहीं. तथापि नवजातांस पिवळेपणा येण्याचीं इतर कारणें पुष्कळ आहेत, आणि चार मृत्यु चार निरनिराळ्या कारणांनींहि होऊं शकतात. रक्ताचा थेंब नाहीं, वैद्याची नोंद नाहीं, शकाचा आंकडाहि नाहीं. म्हणून आमचा निष्कर्ष एवढाच : आर्‌एच् रोगाचा संभव आहे, सिद्धि नाहीं, व ती आतां होणेंहि नाहीं.

मग या खटाटोपानें काय साधलें? आमच्या मतें एक गोष्ट निःसंशय साधली. ‘मृतवत्सा’ हें त्या कागदावर निदान म्हणून लिहिलेलें नाहीं. तो निकाल म्हणून लिहिलेला आहे, आणि त्या निकालाच्या पाठीवर दुसऱ्या लग्नाचा खर्च मांडला गेला. आर्‌एच् असो, धनुर्वात असो वा आणखी कांहीं असो, तो निकाल पुराव्यावर उभा नव्हता. रोगाचें नांव देण्याचा अधिकार तो कागद आम्हांस देत नाहीं. पण आरोप खोडून काढण्याचा अधिकार देतो. इतिहाससंशोधकानें इतकें केलें तरी पुष्कळ झालें.

शेवटीं संग्राहक मित्रांस एक विनंति. घराण्यांचीं दप्तरें चाळतांना आपण सनदा, महजर, पत्रव्यवहार वेगळे काढतों, आणि अशा निनांवी चिठ्ठ्या, सुइणींचे हिशेब, नवसांच्या याद्या, बाळंतिणीच्या काढ्यांचीं टिपणें रद्दींत टाकतों. कृपा करून तसें करूं नये. कोणतें मूल कितवें, कितव्या दिवशीं गेलें, अंगाचा रंग काय, त्याच पुरुषाच्या दुसऱ्या कुटुंबाचीं मुलें वांचलीं कीं नाहीं, एवढीं चार टिपणें शंभर दप्तरांतून मिळालीं तर आज एका बाडावरून जें बोलतां येत नाहीं तें उद्यां बोलतां येईल. नांवें झांकून ठेवावीं; घराण्याच्या अब्रूस धक्का लागेल असें कांहीं छापूं नये. पण कागद जपावा.

त्या बाडाची सूची आम्हीं तयार केली आहे. पहिल्या स्त्रीचें नांव त्यांत नुसतें नांव म्हणून लिहिलें आहे. पुढील शब्द कागदावर काय आहे एवढ्यापुरता, अवतरणचिन्हांत, टीप म्हणून दिला आहे. चार चिठ्ठ्यांस स्वतंत्र अनुक्रमांक दिले आहेत. नांव त्यांस कोणी दिलें नव्हतें. निदान अंक तरी असावा असें वाटलें.